जुन्या पिकअपचा थंडावा



शेतकऱ्याच्या गाडीत एसी कशाला, असा प्रश्न अजूनही पुष्कळ घरांत विचारला जातो. ज्याने वैशाखाच्या उन्हात नांगरटी केल्या, त्याला गाडीत बसून गार वारा घेण्याचे कौतुक ते काय! हे म्हणणे एका परीने खरे आहे. पण आता आपल्याकडची पिकअप नुसता केळीचा घड आणि कापसाची गाठोडी वाहून नेत नाही. तीच गाडी बाळंतिणीला माहेरी नेते, तापाने फणफणलेल्या लेकराला तालुक्याला पोचवते आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्याच्या वाऱ्या घडवते. अशा वेळी आतला थंडावा ही चैन राहत नाही. सरकारलाही ते पटले आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालमोटारींना चालकाच्या केबिनमध्ये एसी असणे सक्तीचे झाले आहे. आपल्या लहान पिकअप त्या नियमात येत नाहीत. म्हणून ज्यांच्या जुन्या गाडीत एसी आहे, त्यांनी तो नीट राखावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

आमचे गाव खानदेशात, तापीच्या काठाला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. आमची पिकअप दुहेरी केबिनची, २०११ सालची. माझे सासरे, अण्णा, यांची मूत्रपिंडे २०२२ साली निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिससाठी जाणे सुरू झाले. दीड तास जायचे, चार तास यंत्रावर पडायचे, दीड तास परत यायचे. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ठाऊक असेल की या रोग्याला पाणीसुद्धा मोजून द्यावे लागते. तहान लागली म्हणून तांब्या तोंडाला लावता येत नाही. बाहेर आग ओकणारे ऊन, गाडीच्या झरोक्यातून कोमट वारा, आणि घशाला कोरड पडली तरी दोन घोटांवर भागवायचे. २०२३ च्या मे महिन्यात एके दिवशी अण्णा म्हणाले, "सूनबाई, मला या भट्टीतून नेऊ नका. आजची फेरी राहू द्या." अशी फेरी राहू देता येत नसते. अंगात पाणी साठते, दम लागतो, जिवावर बेतते. भाड्याची थंड गाडी आठवड्यातून दोनदा परवडणारी नव्हती. तेव्हा आपल्याच गाडीचा एसी दुरुस्त करणे भाग होते.

त्याआधीचे दोन उन्हाळे तालुक्याच्या एका दुकानात जाऊन गॅस भरून आणला होता. दुकानदार दरवेळी म्हणे, "गॅस कमी झालाय, टाकून देतो." दोन महिने बरे जात, मग पुन्हा तेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. गॅस कमी का होतो, हे कोणी पाहतच नव्हते.

एसीचे काम एकदा समजून घेतले की अर्धी लढाई जिंकली असे समजा. त्यासाठी मोठे शिक्षण लागत नाही, आपल्या घरचा माठ पुरे आहे. माठातले पाणी गार का होते? माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जाते. गाडीतही तेच घडते. तिथे पाण्याऐवजी एक विशेष द्रव असतो. आपल्या वयाच्या गाड्यांत तो बहुधा आर-१३४ए नावाचा असतो. साध्या हवेच्या दाबाला तो शून्याखाली २६ अंशांवरच उकळतो. डॅशबोर्डच्या आत एक जाळीदार कॉइल असते, तिला मिस्त्री लोक कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यात या द्रवाची वाफ होते आणि केबिनमधल्या हवेची उष्णता ती वाफ शोषून घेते. मग इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो. दाबलेली गरम वाफ पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये जाते, तिथे बाहेरच्या वाऱ्याला उष्णता देऊन टाकते आणि पुन्हा द्रव होते. घरच्या फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून पाहा, तिथे गरम लागते. आतली उष्णता तिथून बाहेर पडत असते. म्हणजे एसी गारवा निर्माण करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो.

यावरून थंडावा कुठे कुठे अडेल ते सहज ध्यानात येईल. एक, उष्णता बाहेर टाकली जात नसेल. दोन, कॉइलवरून पुरेसा वारा जात नसेल. तीन, गार झालेल्या हवेत कुठून तरी गरम हवा मिसळत असेल. आणि चार, आतला गॅस कमी पडला असेल. पहिली तीन कारणे जवळजवळ फुकटात तपासता येतात. चौथ्याला पैसे पडतात. म्हणून तपासणीही याच क्रमाने करावी. आपल्याकडे मात्र लोक थेट चौथ्यापासून सुरुवात करतात.

सगळ्यात आधी एक साधा तापमापक आणा. दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. गाडी दहा मिनिटे चालवा, काचा बंद ठेवा, आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबा आणि तापमापक मधल्या झरोक्यात धरा. अंदाजाने "गार वाटतंय", "नाही वाटत" असे म्हणत बसण्यापेक्षा आकडा खरे सांगतो. चाळीस अंशांच्या उन्हातही चालत्या गाडीत १० ते १५ अंशांची हवा आली तर एसी ठीक समजावा. आमच्याकडे बाहेर ४३ अंश असताना झरोक्यात २४ निघाले. तो आकडा मी कॅलेंडरवर लिहून ठेवला.

मग लक्षणे पाहावीत. वैद्य जसा नाडीबरोबर जीभही पाहतो, तसे. गाडी धावताना गार आणि फाटकाशी उभी राहिली की गरम, असे होत असेल तर दोष पुढच्या कंडेन्सरकडे किंवा त्याच्या पंख्याकडे आहे. हवा गार आहे पण वारा मुळमुळीत आहे, तर कूलिंग कॉइल किंवा हवेची गाळणी तुंबली आहे. आधी छान गार लागते आणि अर्ध्या तासाने वाराच बंद पडत जातो, तर कॉइलवर बर्फ धरतो आहे. कॉम्प्रेसरचा क्लच टक्-टक् करीत सारखा लागतो आणि सुटतो, तर बहुतेक गॅस कमी आहे. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकते, त्याला मात्र घाबरू नये. हवेतली वाफ कॉइलवर जमून तिचे पाणी होते, ते तसेच बाहेर पडायला हवे. तेच पाणी आत पायांशी सांडू लागले तर निचऱ्याची नळी तुंबली असे समजावे.

आमच्या यजमानांनी पहिल्या दिवशी पुढची जाळी उघडली. आत कंडेन्सर आणि त्याच्यामागे रेडिएटर असतो, दोहोंमध्ये बोटभर फट असते. त्या फटीत काय नव्हते! जिनिंगच्या वाऱ्यांत चिकटलेली रुई, मळणीचा भुसा, मेलेले किडे, आणि या सगळ्यांवर रस्त्याच्या धुळीचा थर. शेतकऱ्याच्या गाडीला हे दुखणे शहरातल्या गाडीपेक्षा जास्त असते, हे लक्षात ठेवा. गाडी बंद आणि इंजिन गार असताना बागेच्या साध्या नळीने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने पाणी सोडावे, म्हणजे अडकलेली घाण आल्या वाटेने परत जाते. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने जवळून मारू नये. ती पाती कागदासारखी पातळ असतात, वाकली की वाऱ्याची वाट कायमची बंद होते. वाकलेली पाती मऊ ब्रशाने किंवा सावकाशीने सरळ करता येतात. पंखा नीट फिरतो का तेही पाहिले, पट्टा सैल नाही ना हेही पाहिले. पण इंजिन चालू असताना पंख्याजवळ हात किंवा साडीचा पदर कधीही नेऊ नका. एवढ्या धुण्यानेच झरोक्यातला आकडा २४ वरून २० वर आला आणि फाटकाशी उभे राहिल्यावर गरम होणे थांबले. खर्च काहीच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याची वाट पाहिली. पुष्कळ नव्या गाड्यांत सामानाच्या कप्प्यामागे हवेची गाळणी असते. ती काढून झटकता येते, फार मळली तर बदलावी. आमच्यासारख्या जुन्या पिकअपमध्ये ती गाळणीच नाही, त्यामुळे सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते. ब्लोअर काढल्यावर कॉइलवर घोंगडीसारखा थर दिसला. मऊ ब्रश आणि थोडे पाणी वापरून तो सावकाश काढला आणि निचऱ्याच्या नळीतून एक पातळ वायर फिरवली. लगेच एका बाजूने चिखलाचे पाणी सुटले. आकडा फारसा बदलला नाही, पण मागच्या सीटपर्यंत वारा पोचू लागला. अण्णा मागेच आडवे होत असत, त्यामुळे आम्हाला त्याचे मोल होते.

तिसरी गोष्ट बहुतेकांना सुचत नाही. गाडीत थंडीसाठी हीटर असतो. त्यात इंजिनाचे उकळते पाणी फिरते. आपल्या भागात हीटर वर्षानुवर्षे कोणी लावत नाही, पण त्याची झडप पूर्ण बंद होत नसेल तर एका बाजूने गार केलेली हवा दुसऱ्या बाजूने तापत राहते. चुलीवर माठ ठेवल्यासारखेच ते! याची परीक्षा सोपी आहे. इंजिन तापू द्या, एसी बंद ठेवा, हवेची कळ सगळ्यात थंड टोकाला न्या आणि बाहेरची हवा आत घेऊन नुसता ब्लोअर लावा. झरोक्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच गरम आली तर हीटर चोरून चालू आहे. आमच्याकडे बाहेर ४३ आणि झरोक्यात ५२ निघाले. कळीपासून झडपेकडे जाणारी तार तिच्या चापातून निसटली होती. पन्नास रुपयांच्या चापाने काम झाले आणि एसी लावल्यावर आकडा १७ वर आला.

याच वेळी दारांचे रबरही तपासावे. दार लावताना कागदाची पट्टी मध्ये धरावी आणि ओढून पाहावी. ती सहज निघाली तर तिथून बाहेरची गरम हवा आत येत आहे. पायाखालच्या पत्र्यात, पेडलांजवळ, तारा जिथून आत येतात तिथे जुन्या गाड्यांत भोके पडलेली असतात. त्यांतून इंजिनाची धग सरळ पायांवर येते. आमच्या गाडीत अशी दोन भोके निघाली, ती रबराच्या बुचांनी बंद केली.

आता राहिला गॅस. इथे घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरचे उदाहरण घ्या. सिलिंडरमध्ये किती गॅस उरला हे शेगडीच्या ज्योतीवरून कळत नाही. संपेसंपेपर्यंत ज्योत तशीच राहते. खरे कळते ते वजनावरून. गाडीच्या गॅसचेही तसेच आहे. बंद गाडीला दाबाचे घड्याळ लावले तर आत थोडा द्रव असेपर्यंत ते जवळपास तेवढाच दाब दाखवते, मग आत दोनशे ग्रॅम असो की चारशे. म्हणून नुसत्या घड्याळाकडे पाहून "थोडा टाकतो" म्हणणाऱ्याला थांबवावे. किती गॅस हवा हे बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. आमच्या पट्टीवर ४५० ग्रॅम लिहिले होते.

भुसावळला एक वयस्कर एसी मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे गॅस काढण्याचे, मोजण्याचे आणि भरण्याचे यंत्र आहे. त्यांनी आत उरलेला गॅस काढून मोजला. तो २१० ग्रॅम भरला, म्हणजे निम्म्याहून कमी. नवा भरण्याआधी त्यांनी मला विचारले, "ताई, टायर पंक्चर असताना हवा भरून घरी जाता का?" मग कोरडा नायट्रोजन दाबाने आत सोडला आणि प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावले, आपण सिलिंडर बदलल्यावर लावतो तसे. कंडेन्सरच्या नळीच्या सांध्याशी तेलकट धुळीचा एक डाग होता, बुडबुडे तिथेच आले. गॅसबरोबर थोडे तेलही फिरत असते. गॅस उडून जातो, पण तेल मागे राहून धूळ धरते. असा काळा तेलकट डाग दिसला की चोराची पावले सापडली असे समजावे. सांध्यातली रबराची बारीक रिंग वाळून कडक झाली होती. तिची किंमत वीस रुपये. त्या वीस रुपयांपायी दोन वर्षे गॅसचे पैसे वाऱ्यावर गेले होते.

रिंग बदलल्यावर त्यांनी ओलावा शोषणारी ड्रायरची बाटली नवी घातली आणि पाऊण तास व्हॅक्यूम पंप लावला. गॅस भरायची घाई का नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "आतली हवा आणि ओल काढतोय. दाब इतका खाली नेला की पाणी या खोलीतल्या उष्णतेवरच उकळून निघून जातं." आत ओल राहिली तर ती बारीक छिद्रात गोठून वाट अडवते आणि तेलाशी मिळून आतले भाग खाते. जिथे पंप न लावता नळी जोडून सरळ गॅस सोडतात, तिथे गाडी देऊ नये. शेवटी यंत्राने मोजून बरोबर ४५० ग्रॅम गॅस भरला. मापापेक्षा जास्त भरल्यास जास्त गार होत नाही. उलट कंडेन्सर द्रवाने भरतो, दाब वाढतो, थंडावा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. परतताना झरोक्यातला आकडा ११ होता.

दोन गोष्टींपासून मात्र कटाक्षाने दूर राहा. स्वस्तात होते म्हणून गाडीत स्वयंपाकाचा गॅस भरू देऊ नका. तो गळून केबिनमध्ये साठला आणि एक ठिणगी पडली तर गाडीतली माणसे जळतील. आणि गॅसच्या नळ्यांचे सांधे स्वतः खोलू नका. बाहेर उसळणारा द्रव कातडी आणि डोळे क्षणात गोठवतो. शिवाय हा गॅस हवेत सोडणेही बरे नाही. जुन्या काळी वापरात असलेला आर-१२ हा गॅस पृथ्वीच्या ओझोन थराला मारक निघाला. म्हणून १९८७ साली मॉन्ट्रियल येथे करार झाला आणि भारत त्यात १९९२ साली सामील झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण वजनास वजन धरले तर धरणी तापवण्यात कार्बन डाय-ऑक्साइडच्या चौदाशे पटींच्या आसपास आहे. आधीच पाऊस लहरी झाला आहे, त्यात आपण भर घालू नये.

काही सवयीही उपयोगी पडतात. उन्हात उभ्या गाडीत बसण्यापूर्वी चारही दारे दोन मिनिटे उघडी ठेवावीत. निघाल्यावर थोडा वेळ काचा खाली ठेवून तापलेली हवा जाऊ द्यावी, मग काचा लावून आतली हवा फिरवावी. गाडी झाडाखाली लावावी, ते न जमल्यास पुढच्या काचेवर आतून पुठ्ठा टेकवावा. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे तेल फिरते आणि रबरे वाळत नाहीत. आणि बंद गाडीत लहान मूल किंवा म्हातारे माणूस पाच मिनिटांसाठीसुद्धा सोडून जाऊ नये. उन्हात बंद गाडीतला पारा दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकतो.

त्या दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीला अण्णा काही बोलले नाहीत. भुसावळ ओलांडल्यावर मी मागे वळून पाहिले तर त्यांना झोप लागली होती. पाण्याच्या बाटलीवर मी खुणेची रेघ ओढून देत असे, जळगाव येईपर्यंत पाणी त्या रेघेच्या वरच होते. २०२३ आणि २०२४ या दोन्ही उन्हाळ्यांत त्यांची एकही फेरी चुकली नाही. २०२५ च्या जानेवारीत ते गेले. आजारापुढे आपले काही चालत नाही. पण वाटेतला त्रास कमी करणे आपल्या हातात होते, तेवढे झाले याचे घरात सगळ्यांना समाधान आहे.

आपण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर ज्यांच्या खांद्यावर जू होते, त्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतो. दसऱ्याला गाडीलाही झेंडूचा हार घालतो. तसाच एक दिवस होळीच्या आसपास गाडीच्या एसीसाठी राखून ठेवा. पुढची जाळी धुवा, दारांची रबरे पाहा, झरोक्यात तापमापक धरा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. पुढच्या वर्षी तोच आकडा पुन्हा पाहा. तो चढलेला दिसला, तर चैत्राचे ऊन डोक्यावर येण्याआधी कारण शोधायला तुमच्या हाती वेळ असेल.